वीज गेल्यावरची झोप

१२ ऑक्टोबर

नर्सबाईंनी एक वही दिली आहे. रोज सकाळी तिच्यात दोन ओळी लिहायच्या: झोप कशी लागली, तोंड कोरडं पडलं का, मास्क कुठे टोचला. पण दोन ओळींत माझं भागत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं. एरवी जन्मभर मासे धरले, लिहिलं ते फक्त सहीपुरतं, आणि आता म्हातारपणी हा नाद लागला. तेव्हा त्यांची वही त्यांना आणि ही माझी मला. ही कुणाला दाखवायची नाही.

झोपेत माझा श्वास थांबतो म्हणे. एकदा नाही, रात्रभर, परत परत. मला त्यातलं काहीच आठवत नाही, त्यामुळे पटतही नाही. पण उशाशी हे मशीन आलं, ते नळीतून नाकात हवा सोडायला लागलं, आणि दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे स्वप्नं परत आली. नर्सबाई म्हणाल्याच होत्या, साठलेली स्वप्नं आता रांगेने येतील. परवा आमची मेंढरं उतारावरून सरळ समुद्रात चालत गेली आणि पाण्याखालचं गवत खात राहिली. मी काठावर उभा राहून त्यांना हाक मारत होतो, पण घाई कसलीच नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे माझी बायको रान्वा माळ्यावरून खाली आली. आमची लेक बिर्ता कोपनहेगनला शिकायला गेली, त्या हिवाळ्यात रान्वाने आपली गादी माळ्यावर नेली. कारण विचारलं नाही. घोरणाऱ्या माणसाने काय विचारायचं? मशीन आल्यावर तिसऱ्या दिवशी बघतो तर तिची उशी माझ्या उशीशेजारी. "हे तुझं यंत्र बरं आहे रे, समुद्र शांत असल्यासारखं वाटतं," एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं आणि दुसरीकडे बघितलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

काल रात्री दिवे मिणमिणले आणि क्षणभर वीज गेली. हवा बंद झाली, मी दचकून जागा झालो. रान्वा आधीच उठून बसली होती. म्हणजे तेवढ्यात मी घोरलो असणार. वीज लगेच आली, पण माझी झोप उडाली. अजून हिवाळा लागायचाय. फेरो बेटांच्या या टोकाला वादळ आलं की तारा तुटणारच. एक रात्र जरी मी पूर्वीसारखा घोरलो, तर ती उशी उचलून परत वर जाईल. आणि या वयात वर गेलेलं माणूस पुन्हा खाली येईल याचा काय भरवसा?

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नव्हे. उद्यापासून तयारी.

१५ ऑक्टोबर

नर्सबाईंना फोन केला.

"वीज जाणार हे धरूनच चाला," त्या म्हणाल्या. "मशीनसाठी वेगळी बॅटरी मिळते, ती घ्या. बॅटरीवर असाल तेव्हा पाणी गरम करायचं बटण बंद ठेवा. सगळी वीज ते पाणीच पितं. आणि काहीच चालत नसेल तर उताणं झोपू नका. कुशीवर, डोकं उंच करून झोपा."

"बरं."

"आणि घरात सांगून ठेवा. शेजारीही सांगा. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

"सांगतो," म्हणालो. सांगणार नाही. शेजारी सांगायचं म्हणजे ट्रोन्दुरला सांगायचं, आणि ट्रोन्दुरला सांगितलं की गावभर झालंच. शिवाय रान्वाचं विणकाम मंडळ आहे. दर बुधवारी बायका लोकर घेऊन कुणाच्या तरी घरी जमतात, केक खातात आणि गावातल्या एकेका पुरुषाला उसवून पुन्हा विणतात. त्यांच्या हाती मी आयता मास्क घालून पडायचा नाही.

वेगळी बॅटरीही नको. आमच्या नावेची, 'सूला'ची, बॅटरी आहे की. नाव आता वसंतापर्यंत नावघरात आडवी पडली आहे. त्या बॅटरीने भर थंडीत, लाटा अंगावर येत असताना, इंजिन एका झटक्यात सुरू करून दिलंय. एवढं लोखंड हलवणारीला हे सशाएवढं मशीन म्हणजे पोरखेळ.

गरम पाण्याचं बटण मात्र चालूच ठेवणार. थंड हवेने मला शिंका येतात.

२१ ऑक्टोबर

स्वप्न: गावातली सगळी घरं दोर सोडून पाण्यावर निघाली होती. छपरांवरचं गवत ओलं, हिरवंगार. आमचं घर सगळ्यांत मागे, आणि खिडकीत रान्वा, कुणाला तरी हात करत होती. मला नाही. माझ्याही मागे कुणीतरी होतं.

जागा झालो तर ती माझ्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही, छातीकडे. शर्टावर काही सांडलंय का म्हणून मी हात फिरवला. काही नव्हतं. "काय गं?" म्हटलं, तर "काही नाही, झोप" म्हणून ती कॉफी करायला गेली.

३० ऑक्टोबर

मशीनची वायर बॅटरीपर्यंत पोचेना. जुनी लांब वायर माळ्यावर आहे हे आठवलं म्हणून वर गेलो. रान्वा वर झोपायला लागल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. आपल्याच घरात चोरासारखं वाटलं.

बायकांचं काही कळत नाही. माळ्यावर खिडकी आहे, तिच्यातून खाडी दिसते, पलीकडची बेटं दिसतात. त्या खिडकीखाली खाट टाकायची सोडून हिने ती कोपऱ्यात, उतरत्या छपराखाली लावली आहे. उठताना रोज डोकं आपटत असणार. बरं, त्याच जागी लाकडातली गाठ निघून जमिनीला भोक पडलंय. खाली माझी गादी दिसते त्यातून. मी मागे दोनदा म्हटलं होतं, ते भोक बुजवतो, तर अंगावर आली होती. "हात लावू नकोस त्याला!" खालची ऊब वर येते म्हणून असेल. थंडी तिला सोसत नाही.

वायर मिळाली.

४ नोव्हेंबर

आज फजिती झाली.

रान्वा दुकानात गेली होती. म्हटलं दुपारचीच चाचणी घेऊ. मशीन पिशवीत घालून नावघरात गेलो, सूलात मेंढीचं कातडं अंथरलं, बॅटरीला वायरी लावल्या, मास्क चढवला आणि पडलो. हवा सुरू झाली. बाहेर पाणी दगडांवर चुळुक चुळुक करत होतं, नाव जमिनीवर असूनही मला डुलल्यासारखं वाटलं. मस्त डोळा लागला. स्वप्नात मी पाण्यावरून चालत होतो आणि बुटांत कोरडं होतं.

उठलो तेव्हा वर ट्रोन्दुरचं तोंड.

"डान्याल! हा काय अवतार? बुडी मारायला निघालास की मारून आलास?"

"बॅटरी तपासतोय."

"नाकाने?"

सांगावं लागलं. तो हसेल म्हणून मी दात आवळून बसलो होतो, पण तो नावेच्या काठावर टेकला आणि डोकं खाजवत राहिला. "रान्वाला माहीत आहे?" एवढंच विचारलं.

"मशीन माहीत आहे. बॅटरीचं नाही. वीज गेली तरी तिला कळता कामा नये. आणि कुठे बोललास तर बघ."

"मी? मी कधी कुणाला काही सांगितलंय?" तो म्हणाला. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळणार. पण चाचणी झकास झाली. बॅटरी हूं की चूं न करता चालली. आता येऊ दे वादळ.

११ नोव्हेंबर

एल्स्पा म्हातारीला मासे द्यायला गेलो होतो. गावात तिच्याहून वयाने मोठं कुणी नाही आणि तिच्याहून जिभेने तिखटही कुणी नाही.

"ऐकलं, तू म्हणे सोंड लावून झोपतोस?"

ट्रोन्दुरला फाशी द्यायला हवी.

"हसू नकोस एल्स्पा."

"हसत नाही रे बाबा. बरं झालं. रान्वाला आता तरी झोप मिळेल. तिचा बाप झोपेतच गेला, ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे की. आमच्याकडे निम्मे बाप समुद्राने नेले, तिचा मात्र स्वतःच्या गादीवर, स्वतःच्या उशीवर गेला. कोळ्याला याहून चांगलं मरण ते कुठलं? मी तसं म्हणालो. एल्स्पाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मासे ठेव नि जा. तुझं डोकं सूलाच्या तळाएवढंच जाड आहे." म्हातारी झाली, काहीही बोलते.

२६ नोव्हेंबर

अंग दुखतंय, पण लिहायलाच हवं. क्रमाने लिहितो.

परवा दुपारपासून वारा चढला. संध्याकाळी वीज गेली. मी मनातून खूशच झालो, खोटं कशाला बोलू! बॅटरी आधीच पलंगाखाली आणून लपवली होती. रान्वा दिवा घेऊन आली तर मशीन आपलं सुरूच.

"हे कसं काय?" तिने विचारलं.

"तयारी," मी म्हणालो. सरदाराच्या थाटात झोपलो.

पण अर्ध्या रात्रीतच बॅटरीने मान टाकली. डोळे उघडले तेव्हा मशीन गप्प होतं आणि रान्वा दिवा घेऊन माझ्या अगदी तोंडाशी वाकली होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, घट्ट. मला एवढी लाज वाटली! फार मोठ्याने घोरलो असणार. "मला झोप नाही, तू झोप," म्हणालो आणि उरलेला वेळ खुर्चीत ताठ बसून काढला. झोपलोच नाही तर घोरणार कसा? ती पण झोपली नाही. अंधारात तिच्या डोळ्यांना दिव्याची चमक दिसत होती. मला वाटलं, वर जायचं कसं सांगावं याचा विचार करतेय.

काल दिवसभर वीज नाही. ट्रोन्दुर आला, बॅटरी बघितली आणि म्हणाला, "अरे, इंजिनाची बॅटरी म्हणजे ठोसा मारणारा गडी. एक ठोसा जोरात मारील. त्याला रात्रभर पाळणा हलवायला बसवलंस तर तो मरेलच. आणि वर पाणी गरम करत बसला होतास?"

"शिंका येतात मला."

"येऊ देत! जन्मभर नावेवर राहून तुला एवढं कळू नये?"

कळलं नाही खरं. आपल्या नावेवर फार विश्वास ठेवला.

तर काल बुधवार. आणि विणकाम मंडळाची पाळी आमच्या घरी. गावात बहुतेकांच्या चुली विजेच्या, आमची मात्र जुनी लोखंडी, लाकडांची. त्यामुळे सगळ्या बायका संध्याकाळ व्हायच्या आतच आल्या. कुणी रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा आणला, कुणी बटाटे. नवरेही मागोमाग आले, ऊब शोधत. एल्स्पाला ट्रोन्दुरने जवळजवळ उचलूनच आणलं. ती म्हणाली, आमच्या लहानपणी रोज असंच असायचं, सगळं गाव एका चुलीशी, सगळ्यांच्या हातात लोकर. मी भिंतीला टेकून बसलो आणि मनाशी घोकत राहिलो, डान्याल, झोपायचं नाही. एवढ्या बायकांसमोर तर नाहीच.

रान्वाने माझ्या मागे उशा रचल्या. "टेक जरा," म्हणाली.

"मला झोप आलेली नाही."

"तुला कोण झोप म्हणतंय? टेक म्हटलं."

टेकलो. पुढचं मला माहीत नाही.

स्वप्न तेवढं आठवतंय. मी समुद्राच्या तळाशी आडवा होतो. वर हिरवा उजेड, माशांची पोटं. माझ्या पायाच्या अंगठ्याला गळाची दोरी बांधलेली, आणि वर नावेत कुणीतरी बसलेलं. मी खोल जायला लागलो की दोरीला हिसका बसायचा, मग मी थोडा वर यायचो. भीती अजिबात नव्हती. एक मोठा मासा माझ्या कानाशी थांबला आणि रान्वाच्या आवाजात बोलायला लागला. "मी सोळा वर्षांची होते. बाबा पलीकडच्या खोलीत घोरायचे, मला झोपू द्यायचे नाहीत. त्या रात्री आवाज थांबला. मला बरं वाटलं. सुटले, म्हटलं. कूस बदलून छान झोपले मी." पाणी गरम होतं.

स्वप्नं काहीच्या बाही असतात. मासा, आणि रान्वाचा बाप!

आज उजाडल्यावर जागा झालो. अंगावर तीन पांघरुणं, ती आमची नव्हेत. खोलीत एल्स्पा, ट्रोन्दुरची बायको आणि रान्वा. बाकीच्या पहाटे गेल्या म्हणे. रान्वा माझ्या पायाशी बसलेली, हात माझ्या पावलावर, आणि बसल्या बसल्या झोपलेली. मी विचारलं, काय झालं?

"झालं काय," एल्स्पा हळूच म्हणाली. "तू घोरत होतास तोवर आम्ही विणत होतो. तू थांबलास की सगळ्यांच्या सुया थांबायच्या. खोलीत कुणी श्वास घ्यायचं नाही. मग रान्वा तुझा अंगठा ओढायची, तू रेड्यासारखा फुरफुरायचास, की पुन्हा सुया सुरू. कुणाचा टाका जागेवर नाही. माझ्या चार ओळी उसवाव्या लागणार आहेत, त्या तू उसव."

"मग कुणी हसलं का नाही?"

एल्स्पाने चष्मा काढून पुसला. "हसलो की. तू थांबलेला नसायचास तेव्हा."

वीज दुपारी आली. संध्याकाळी रान्वा माळ्यावर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. वर काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता. खाट असणार. मी खालून विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही. जे व्हायचं ते झालं असं वाटलं.

२ डिसेंबर

ती वर गेलेली नाही. माळ्यावरची खाट तिने मोडून ठेवली आहे, लाकडं चुलीशेजारी रचली आहेत. "जळायला बरी आहेत, सुकी आहेत," म्हणाली. मी पुष्कळ वेळ त्या लाकडांकडे बघत बसलो. मग म्हणालो, "रान्वा, मी घोरलो तर तू परत जाशील असं वाटायचं मला. त्याचीच भीती होती. मरणाची नव्हती." अशी वाक्यं मी कधी बोलत नाही, तोंडातून निघून गेलं.

ती बटाटे सोलत होती. सोलतच राहिली. "तू घोर," म्हणाली. "तू खुशाल घोर रे."

८ डिसेंबर

ट्रोन्दुरबरोबर शहरात जाऊन आलो. योग्य बॅटरी घेतली, सावकाश चालणारी. येताना बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो होतो, एक बाई म्हणाली, "बाळाचं नाव काय?" ट्रोन्दुर म्हणाला, "रान्वा." माझ्या गालांना ऊब आली.

नर्सबाईंचं सगळं ऐकायचं ठरवलंय. बटण बंद. पहिले दोन दिवस शिंका आल्या, आता येत नाहीत. पलंगाशी टेबलावर दिवा, काडेपेटी, कुशीवर ठेवणारी जाड उशी. बॅटरी कशी जोडायची ते रान्वाला शिकवलं, तिने ती न बघता मला दोनदा जोडून दाखवली. ट्रोन्दुरलाही शिकवलं. एल्स्पाही शिकणार म्हणते, पण तिला वायर दिसत नाही.

१६ जानेवारी

काल रात्री मोठं वादळ झालं. नावघराचं दार गेलं. वीज अंधार पडायच्या आतच गेली आणि हे लिहितोय तोवर आलेली नाही. रान्वाने बॅटरी जोडली, मी मास्क चढवला, कुशीवर वळलो. वारा घराला धरून हलवत होता आणि माझ्या नाकात शांत हवा येत होती. स्वप्नात बर्फ वर वर पडत होता, जमिनीकडून आकाशाकडे, आणि आम्ही दोघं ते बघत खाटेवर बसलो होतो.

सकाळी राखाडी उजेडात डोळे उघडले. मशीन चालू होतं. वारा पडला होता, तरी खोलीत कसला तरी आवाज येत होता. मला वाटलं नळी कुठे फाटली. मास्क काढून ऐकलं. मशीन नव्हतं.

रान्वा घोरत होती. तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर, केस विस्कटलेले, आणि घोरणं असं की खिडकीची काच थरथरावी. इतक्या वर्षांच्या संसारात मला हे माहीतच नव्हतं. माहीत होणार कसं? माझ्या आधी ती कधी झोपलीच नव्हती.

कॉफीची वेळ होऊन गेली. मी उठलो नाही. कोपरावर डोकं टेकून ऐकत पडलो.